ड्रॅगचे पहिले साठ फूट: ग्रिप आणि वेट ट्रान्सफरची सगळी सेटिंग, वजनकाट्यापासून लाँचपर्यंत

रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग) झाला, इंटेक झाला, डाउनपाइप झाला, क्लच भारीतला टाकला, आणि मग ड्रॅगला म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या पाव मैलाच्या शर्यतीला हिरवा दिवा लागल्यावर पुढची दोन्ही चाकं जागेवरच धूर काढत बसली, हे पुण्यातल्या कितीतरी गाड्यांचं होतं. पॉवर भरपूर असते पण ती रस्त्यावर उतरतच नाही. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, त्यातले पहिले साठ फूट म्हणजे फक्त १८.३ मीटर, पण निकाल बऱ्याचदा तिथेच लागतो कारण साठ फुटात वाचवलेला ०.१ सेकंद शेवटच्या लाइनपर्यंत साधारण ०.१५ ते ०.२ सेकंद होऊन मिळतो. तेवढंच इंजिनमधून काढायला किती पैसे जातात ते तुम्हाला माहितीय.

या लेखात मला एकच गोष्ट पटवायचीय. लाँचला म्हणजे गाडी जागेवरून सुटताना वजन किती मागे जाणार हे स्प्रिंग आणि शॉकअप ठरवत नाहीत. ते ठरतं गाडी किती जोरात सुटते, तिचा गुरुत्वमध्य किती उंच आहे आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) किती आहे यावर. गाडीचं नाक वर गेलेलं दिसतं म्हणून आपण म्हणतो वजन मागे गेलं, पण नाक अजिबात न उचलणाऱ्या दगडासारख्या कडक गाडीचंही वजन तेवढंच मागे जातं. स्प्रिंग-शॉकअपच्या हातात असतं ते वजन कसं जाणार, किती पटकन जाणार, आणि जाताना गाडी उड्या मारणार की नाही. म्हणून आधी टायर, मग वजन कुठे ठेवलंय ते, मग बुश (सांध्यांमधले रबर) आणि इंजिनची माउंटिंग, आणि सगळ्यात शेवटी महागडे कॉइलओव्हर (ॲडजस्ट होणारे स्प्रिंग-शॉकअपचे सेट). आपल्याकडे बरेच जण नेमकं उलटं करतात.

आधी थोडा हिशोब, कंटाळा करू नका

सूत्र सोपं आहे: मागे जाणारं वजन म्हणजे गाडीचं वजन गुणिले ॲक्सिलरेशन (जी मध्ये, १ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढं) गुणिले गुरुत्वमध्याची उंची भागिले व्हीलबेस. समजा ड्रायव्हरसकट १००० किलोची हॅचबॅक आहे, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटीमीटरवर, व्हीलबेस २.४ मीटर, आणि ती ०.५ जी ने सुटतेय. मागे जाणारं वजन आलं १०४ किलो. उभी असताना पुढच्या चाकांवर ६२ टक्के म्हणजे ६२० किलो होते, ते लाँचला ५१६ वर आले. आणि फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये (इंजिनचा जोर पुढच्या चाकांना जातो त्या गाडीत) ओढायचं काम तर त्याच चाकांना करायचंय.

आता टायरचं ग्रिप १.० धरा. हिशोब केला की ही गाडी जास्तीत जास्त ०.५१ जी ने सुटू शकते, त्याच्या वर चाक फिरणारच. हेच मागची चाकं ओढणारी गाडी असेल, वजन पुढे-मागे निम्मं निम्मं, बाकी सगळं तेच, तर तिला ०.६३ जी मिळतो कारण मागे जाणारं वजन तिच्या कामाच्या चाकांवर जातं.

मग कुठे पैसे घातले की किती मिळतं? फ्रंट व्हीलवाल्या गाडीला १.० च्या जागी १.२ ग्रिपचे टायर लावले तर ०.५१ वरून ०.५९५, म्हणजे १६ टक्के फायदा. मागून वजन काढून पुढचा वाटा ६२ वरून ६४ टक्के केला तर साधारण ३ टक्के. आणि गाडी बसवून गुरुत्वमध्य ३ सेंटीमीटर खाली आणला तर जेमतेम १ टक्का! लोअरिंग स्प्रिंगवर पैसे घालणाऱ्यांनी हे आकडे परत एकदा वाचा. रिअर व्हीलवाल्याला तर चांगल्या टायरचा फायदा डबल होतो, १.२ ग्रिपला ०.६३ चा थेट ०.८० होतो कारण ग्रिप वाढलं की ॲक्सिलरेशन वाढतं, ते वाढलं की आणखी वजन मागे येतं.

अजून एक हिशोब, इंजिनवाल्यांसाठी. २०० न्यूटन मीटर टॉर्कचं (पिळण्याच्या जोराचं) इंजिन, पहिला गिअर आणि फायनल ड्राइव्ह मिळून १४ पट, टायरची त्रिज्या २९ सेंटीमीटर, गिअरबॉक्समध्ये १० टक्के गेले असं धरलं तरी चाकापाशी जवळपास ८८० किलोचा जोर येतो. टायर झेलू शकतं ५१३ किलोचा. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये स्टॉक टर्बो इंजिनलाच टायर पुरत नाही, मग रिमॅपचे वाढलेले ४०-५० न्यूटन मीटर तिथे फक्त धूर वाढवतात, ते कामाला येतात पुढच्या गिअरला.

पळवायची कुठे

रात्री बायपासला किंवा एक्सप्रेसवेला नाही. हे मी फॉर्मॅलिटी म्हणून लिहीत नाहीये. लाँच टेस्ट करताना गाडी आडवी जाते, टॉर्क स्टीअरने म्हणजे पुढच्या चाकांच्या जोराने हातातून स्टीअरिंग ओढलं जातं, ड्राइव्हशाफ्ट तुटतो, आणि तिथे कोणीतरी टू-व्हीलरवरून पोराबाळांना घेऊन जात असतं. कायद्याने मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ लागतं, पहिल्या वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लोणावळ्याच्या पुढे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रनसारखे इव्हेंट झालेत, टायमिंगची सोय असलेल्या अशा बंद जागीच जा, एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना) परवानगीने होणारा इव्हेंट असेल तर हेल्मेट, सीटबेल्ट, स्क्रूटिनी (गाडीची तपासणी) सगळं नीट होतं. गाडी रोज रस्त्यावर चालवणार असाल तर आरसीत लिहिलंय त्यापेक्षा वेगळे मोठे बदल करायच्या आधी आरटीओचे नियम बघून घ्या.

आणि एक लक्षात ठेवा, धावपट्टी म्हणजे परदेशातली ड्रॅग स्ट्रिप नव्हे. तिकडे लाँचच्या जागी चिकट कंपाउंड मारलेलं असतं आणि वर्षानुवर्षाचं रबर बसलेलं असतं. आपल्याकडे बऱ्याचदा बारीक खडी आणि धूळ. त्यामुळे व्हिडिओत बघितलेले टायर प्रेशर आणि लाँच आरपीएम जसेच्या तसे उचलू नका. त्यात पुणे ५६० मीटरच्या आसपास उंचीवर, समुद्रसपाटीपेक्षा हवा पाच-सहा टक्के विरळ, टर्बो नसलेलं इंजिन तेवढं कमी ओढतं पण टायरचं ग्रिप तेवढंच राहतं, म्हणून मुंबईवाल्याचा लाँच आरपीएमही आपल्याला तंतोतंत लागू होईलच असं नाही.

पहिलं काम: गाडी काट्यावर न्या

कॉर्नर वेट स्केल (प्रत्येक चाकाखाली ठेवायचे वेगळे काटे) मिळत असतील तर उत्तमच, पण नसतील तर भोसरी-चाकण पट्ट्यात ट्रकचे वजनकाटे पाहिजे तेवढे आहेत. गर्दी नसलेल्या वेळेला जा, काटेवाल्याला आधी नीट सांगा काय करायचंय ते. ड्रायव्हर सीटवर, पेट्रोल रेसला ठेवणार तेवढंच. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. गाडी सरळ लेव्हलला पाहिजे, चढावर एक चाक असेल तर आकडा चुकतो. हँडब्रेक सोडून, न्यूट्रलमध्ये. मोठे काटे ५ किंवा १० किलोच्या टप्प्याने दाखवतात म्हणून पुढचं अधिक मागचं बरोबर पूर्ण येतंय का ते पडताळा, आणि प्रत्येक वजन दोनदा घ्या. हे आकडे वहीत लिहा, पुढचं सगळं यावर चालणार.

दुसरं काम: मोजायची सोय

सॅटेलाइटवर चालणारं ड्रॅगी किंवा व्हीबॉक्ससारखं यंत्र पाहिजे, साठ फुटाचा टाइम वेगळा दाखवणारं. फोनच्या ॲपवर या बाबतीत विसंबू नका, फोनचा जीपीएस सेकंदाला एकदाच-दोनदा जागा घेतो आणि आपण शोधतोय दहाव्या भागाचा फरक. दुसरं म्हणजे ओबीडी लॉगर (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला लावून डेटा नोंदवणारं यंत्र), त्यात चाकाचा वेग दिसतो. चाकाचा वेग आणि यंत्रावरचा खरा वेग शेजारी ठेवला की स्लिप कळतं. टायर थोडं घसरतानाच जास्तीत जास्त ओढतं, साधारण १० ते २० टक्के स्लिपला, म्हणजे गाडी खरी २० ने चालली असेल तर चाक २२ ते २४ दाखवणं चांगलं, चाक ४० दाखवत असेल तर तुम्ही रबर जाळताय आणि चाक नेमकं २० च दाखवत असेल तर लाँच भित्रा आहे. तिसरं, मित्राला बाजूला सुरक्षित अंतरावर उभं करून स्लो मोशनमध्ये पुढचं चाक आणि मागचं चाक शूट करायला सांगा. बॉनेटचा व्हिडिओ नको, चाकाचा पाहिजे.

काहीही बदलायच्या आधी गाडी आहे तशी तीन-चार वेळा पळवा आणि तो बेस धरा. मग एका वेळी एकच बदल. टायरची हवाही कमी केली, लाँच आरपीएमही वाढवला आणि टाइम सुधारला, तर काय कशामुळे झालं हे कळणारच नाही. फरक दिसला की परत जुन्या सेटिंगवर जाऊन एक रन मारा, टाइम जुना आला तरच तो बदल खरा, नाहीतर ऊन चढलं किंवा ट्रॅकवर रबर बसलं म्हणून सुधारला असेल.

टायर: इथेच बहुतेक सगळं आहे

मऊ कंपाउंडचे सेमी-स्लिक (कमी खाचांचे, रेसिंगकडे झुकणारे) टायर टाका, बजेटमधला सगळ्यात मोठा वाटा इथेच जाऊ दे. आयातीवर निर्बंध असल्यामुळे ते महाग पडतात आणि सगळ्या साइजमध्ये मिळत नाहीत, पण वरचा हिशोब बघितलात ना, १६ टक्के दुसरं काहीच देत नाही. साठ फुटाच्या भाषेत सांगायचं तर ०.५१ जी ने १८.३ मीटर जायला २.७० सेकंद लागतात आणि ०.५९५ ने २.५०. फक्त टायरने ०.२ सेकंद. मॅन्युफॅक्चरिंगची तारीख बघून घ्या, साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. चार-पाच वर्षं दुकानात पडून कडक झालेलं सेमी-स्लिक घेण्यापेक्षा ताजं साधं परफॉर्मन्स टायर घेतलेलं बरं.

रिम छोटी घ्या. ब्रेक कॅलिपरला जागा राहत असेल तर १७ ऐवजी १५ ची रिम आणि उंच साइडवॉल, कारण लाँचला साइडवॉल पिळली जाते आणि तो झटका खाते, त्या पिळण्यात टायर जमिनीला धरून राहतं. दिसायला भारी असलेली बारीक साइडवॉल ड्रॅगला वाईट. मात्र बाहेरचा व्यास बदलला की गिअरिंग बदलतं हे ध्यानात ठेवा, छोटं टायर म्हणजे चाकापाशी अजून जास्त जोर, जो आपल्याला पहिल्या गिअरला नकोच आहे.

आता हवा. फ्रंट व्हीलवाल्या गाडीला सेमी-स्लिकवर पुढे २६ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) ने सुरुवात करा आणि एक-एक पीएसआय खाली या, प्रत्येक टप्प्याला साठ फूट लिहा. एका ठिकाणापर्यंत टाइम सुधारतो, मग गाडी वळवळायला लागते आणि टाइम परत वाढतो, तिथून एक पीएसआय वर हा तुमचा आकडा. साध्या रोडच्या टायरवर २४ च्या खाली जाऊ नका, कडा रिमवरून निसटायची भीती असते. मागच्या, नुसत्याच फिरणाऱ्या चाकांत ४० च्या आसपास भरा, टायरवर लिहिलेल्या कमाल प्रेशरच्या आत, म्हणजे ती हलकी फिरतात. खास ड्रॅगचे रेडियल रिअर व्हील गाडीला लावलेत तर मागे १६ ते २० च्या पट्ट्यात शोधायचं. पेट्रोल पंपावरच्या मीटरवर हे काम होत नाही, स्वतःचं एक चांगलं गेज घ्या आणि कायम तेच वापरा, दोन गेजमध्ये दोन पीएसआयचा फरक सहज असतो.

प्रेशर तापमानाने बदलतं, साधारण साडेपाच डिग्रीला एक पीएसआय. पुण्यात डिसेंबरमध्ये सकाळी १२ डिग्री आणि दुपारी ३० असतं, म्हणजे सकाळी सहाला सेट केलेली हवा दुपारी तीन पीएसआयने वाढलेली असते. दर रनच्या आधी तपासा. आणि गाडी उन्हात उभी असेल तर उन्हाच्या बाजूचं टायर जास्त फुगतं, डावं-उजवं सारखं नसेल तर गाडी लाँचला एका बाजूला ओढते आणि लोक अलाइनमेंटला दोष देत बसतात.

लाँचनंतर जमिनीवर उमटलेला पट्टा वाचायला शिका. दोन्ही कडा गडद आणि मध्ये फिकट म्हणजे हवा कमी, मध्ये गडद म्हणजे जास्त, पूर्ण रुंदीत सारखा म्हणजे बरोबर. आतली एकच कड उमटली तर कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर कल) जास्त निगेटिव्ह आहे, म्हणजे चाक वरून आत झुकलंय.

बर्नआउटचं (रनच्या आधी जागेवर चाक फिरवून टायर तापवणं) खूप चुकीचं चालतं. साधं रोडचं टायर जास्त तापलं की वरचं रबर तेलकट होतं आणि ग्रिप कमी होतं, म्हणून त्याला फक्त धूळ आणि खडे झटकण्यापुरतं एक-दोन सेकंद फिरवा, बस. सेमी-स्लिक आणि ड्रॅग रेडियलला थोडी उष्णता लागते, त्यांना हलका धूर दिसेपर्यंत. टायर ओलं करायला पाणी टाकलेलं असेल तर त्यातून बाहेर आल्यावरच, पाण्यात उभं राहून नाही. त्यानंतर उगाच लांब फिरून धुळीतून स्टेजला (सुरुवातीच्या रेषेला) जाऊ नका, सरळ स्वच्छ पट्ट्यातून जा आणि लाँचच्या जागी आधीच झाडू मारून घ्या. झाडूचा खर्च काहीच नाही आणि धावपट्टीवर त्याचा फरक मोठा पडतो.

वजन कुठून काढायचं

फ्रंट व्हीलवाल्यांनी मागूनच काढायचं. स्टेपनी, जॅक, पाने, मागची सीट, डिकीचं कार्पेट, सबवूफर तर आधी. मागच्या ॲक्सलच्याही मागे असलेलं वजन विशेष वाईट असतं कारण ते गाडीला मागे दाबून पुढची चाकं हलकी करतं, ते काढलं की पुढच्या चाकांवर उलट थोडं वजन वाढतं. आपल्या १००० किलोच्या गाडीतून मागून ४० किलो काढले तर पुढचा वाटा ६२ वरून ६४.६ होतो, साठ फुटातही फायदा आणि वजन कमी झाल्याचा वेगळा. पेट्रोलची टाकी बहुतेक हॅचबॅकमध्ये मागच्या सीटखाली असते, पाव टाकी ठेवा, फार कमी नको कारण लाँचला पेट्रोल मागे जातं आणि पंप कोरडा पडू शकतो. बॅटरी पुढेच राहू द्या, हलकी बॅटरी टाकायचं डोक्यात असेल तर फ्रंट व्हीलला त्याचा लाँचला फायदा नाही. कार्बन बॉनेटचंही तेच.

रिअर व्हीलवाल्यांचं सगळं उलटं: बॅटरी डिकीत, उजव्या बाजूला, नीट बॉक्समध्ये बोल्ट करून. उजव्याच बाजूला का ते पुढे येतंय.

फ्रंट व्हील: उड्या थांबवा

स्विफ्ट, पोलो, सिटी, जे काही असेल त्यात लाँचला पुढून धडधड धडधड आवाज येऊन सगळी गाडी हादरते, त्याला व्हील हॉप म्हणतात. टायर पिळलं जातं, लोअर आर्मचा बुश दाबला जातो, इंजिन मागे झुकतं, मग टायर सुटतं आणि हे सगळं एकदम उलटं उसळतं, परत पकडतं, परत सुटतं. ड्राइव्हशाफ्ट आणि डिफरन्शियल याच्यातच तुटतात. म्हणून हॉप सुरू झाला की पाय उचला, तो रन गेला असं समजा.

इलाज खालून वर करायचा. सगळ्यात आधी इंजिनचं खालचं माउंटिंग, हाडासारख्या आकाराचं असतं ते, त्यातला रबर फाटला असेल तर नवीन, आणि शक्यतो त्यात पॉलियुरेथेनचा इन्सर्ट. स्वस्त काम आहे आणि हॉप बऱ्याचदा निम्म्यावर येतो. आयडलला केबिनमध्ये थरथर वाढेल, ती चालवून घ्यावी लागते. मग लोअर आर्मचे बुश, विशेषतः मागचा मोठा बुश. आपल्या रस्त्यांवर चाळीस-पन्नास हजार किलोमीटरला ते बहुधा गेलेलेच असतात आणि अलाइनमेंटवालाही सांगत नाही. गाडी घोड्यांवर घ्या, टॉमी घालून आर्म पुढे-मागे हलवून बघा. नाना पेठेच्या स्पेअर पार्ट बाजारात ओरिजिनल सांगून दुसरंच देणारेही भेटतात, पार्ट नंबर बघून घ्या. पॉलियुरेथेनचे बुश घरी बनवायचे असतील तर भोसरीत लेथवर स्लीव्ह फिरवून मिळते, पण माप व्हर्नियरने घेऊन जा.

मग मागची बाजू. मागची स्प्रिंग कडक केली की गाडी मागे बसत नाही. याने वजन मागे जायचं थांबत नाही हे परत सांगतो, पण गुरुत्वमध्य वर सरकत नाही, पुढच्या चाकाचा कॅम्बर आणि टो (वरून बघताना चाकांची तोंडं आत की बाहेर) बिघडत नाही, आणि गाडी आधी बसून मग उसळत नाही. स्वस्तात करायचं तर मागच्या कॉइलमध्ये बसवायचे रबरी बफर मिळतात, ओव्हरलोड गाड्यांना लावतात ते. तेच लावा, दोन्ही बाजूला त्याच नंबरच्या वेटोळ्यात. रेसच्या दिवसापुरते लावून परत काढता येतात कारण रोजच्या रस्त्याला मागची बाजू टणाटण उडते आणि पावसात वळणावर मागून सुटायची भीती वाढते.

पुढचे ॲडजस्टेबल शॉकअप असतील तर रिबाउंड (शॉकअप परत लांब होतानाचा विरोध) दोन-दोन क्लिक वाढवत जा. नाक शांत राहतं. पण जास्त कडक केलं तर धावपट्टीच्या बारीक उंचवट्यावरून चाक लटकतं, जमिनीवर परत यायला उशीर होतो आणि तिथे एकदम स्पिन. व्हिडिओत चाक आणि जमिनीमध्ये फट दिसली किंवा लॉगमध्ये मध्येच एकदा स्लिपची सुई उडाली की दोन क्लिक परत या.

अलाइनमेंट: पुढची चाकं ओढताना आत वळायला बघतात म्हणून उभ्या गाडीला अगदी किंचित टो आउट (तोंडं बाहेर) ठेवायचा, लाँचला तो शून्याजवळ येतो. कॅम्बर निगेटिव्ह अर्धा डिग्री पुरे, ट्रॅक डेवाल्यांचा (वळणांच्या ट्रॅकवर पळवणाऱ्यांचा) दोन-अडीच डिग्री इथे कामाचा नाही, टायर आतल्या कडेवर उभं राहतं.

आणि डिफरन्शियल. ओपन म्हणजे साध्या डिफमध्ये दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क जातो, म्हणजे ज्याचं ग्रिप कमी त्याच्याएवढाच दुसऱ्याला. एक चाक धुळीवर असेल तर चांगल्या चाकाचं ग्रिप वाया. टॉर्क बायसिंग प्रकारचा एलएसडी (जास्त ग्रिपच्या चाकाला जास्त जोर देणारा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल) बसवला तर फरक मोठा पडतो, पण गिअरबॉक्स उघडावा लागतो आणि खर्च टायरच्या कितीतरी पट, त्यामुळे टायर, माउंटिंग, बुश झाल्यावरच. एलएसडी आला की स्टीअरिंग ओढणं वाढतं, दोन्ही हात स्टीअरिंगवर घट्ट पाहिजेत.

रिअर व्हील: पाटे, पिनियन आणि उजवं मागचं चाक

जुन्या पद्मिनी किंवा ॲम्बेसिडरवर प्रेमाने काम करणारे लोक पुण्यात आहेत, त्यांच्यासाठी. मागे सलग ॲक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग) असले की लाँचला ॲक्सलचं नाक वर फिरायला बघतं, पाटा इंग्रजी एससारखा वाकतो, मग सुटून परत सरळ होतो, आणि इथेही हॉप. त्यासाठी ट्रॅक्शन बार लावतात, ॲक्सलपासून पुढे जाणारा दांडा, ज्याचं पुढचं टोक पाट्याच्या पुढच्या डोळ्याखाली टेकतं. दोन्ही बाजूंची फट सारखी पाहिजे. पाट्याचे यू-बोल्ट आणि मधली पिन आधी तपासा, ते ढिले असतील तर बाकी सगळं व्यर्थ. पिनियनचं (प्रोपेलर शाफ्ट जोडला जातो त्या डिफच्या गिअरचं) नाक उभ्या गाडीला प्रोपेलर शाफ्टच्या रेषेच्या थोडं खाली ठेवायचं, पाटेवाल्याला साधारण पाच-सहा डिग्री, लिंक आणि कॉइल असलेल्याला दोन-तीन, म्हणजे लाँचला वर फिरून ते सरळ रेषेत येतं. पाटा आणि ॲक्सलमध्ये पाचर घालून हे करतात.

आता उजवं चाक. प्रोपेलर शाफ्ट ॲक्सलला पिळतो, त्यामुळे लाँचला डावं मागचं चाक दाबलं जातं आणि उजवं हलकं होतं, म्हणून ओपन डिफ असलेली गाडी कायम उजव्या मागच्या चाकानेच रबर जाळते. आपल्या देशाचा फायदा बघा, ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्याचं वजन आपोआप त्या बाजूला पडतं. म्हणूनच बॅटरीही उजव्या मागच्या कोपऱ्यात. एवढ्याने भागलं नाही तर उजव्या मागच्या स्प्रिंगमध्ये एअरबॅग टाकून त्यात थोडी थोडी हवा वाढवायची, दोन्ही चाकांचे पट्टे सारखे काळे उमटेपर्यंत.

ज्यांनी मागे फोर-लिंक (ॲक्सलला चार दांड्यांनी धरणारी रचना) बनवलंय त्यांनी वरच्या आणि खालच्या दांड्यांच्या रेषा पुढे वाढवून कुठे मिळतात ते कागदावर काढा. मागच्या टायरच्या टेकण्याच्या बिंदूपासून, पुढच्या ॲक्सलच्या बरोबर वर गुरुत्वमध्याच्या उंचीवरच्या बिंदूपर्यंत एक रेष ओढा. दांड्यांचा मिळणबिंदू या रेषेच्या वर असेल तर गाडीची मागची बाजू लाँचला उचलली जाते आणि टायर जमिनीवर जोरात आपटलं जातं, खाली असेल तर गाडी बसते. कडक साइडवॉलच्या रेडियलला फार जोराचा ठोका सोसत नाही, रेषेच्या जवळच राहा. पुढे शॉकअपचं रिबाउंड ढिलं, मागे कॉम्प्रेशन (दबतानाचा विरोध) मध्यम, मग साठ फूट बघत क्लिक बदला.

लाँच

ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, काही गाड्यांत बटण दाबूनही पूर्ण बंद होत नाही, लॉगमध्ये थ्रॉटल स्वतःहून मिटतोय का ते बघा. टर्बो हॅचला २५०० आरपीएमपासून सुरू करा आणि २००-३०० ने वाढवा. क्लच एकदम सोडायचा नाही, चाक फिरायला लागतं त्या बिंदूच्या किंचित आधी पाय क्षणभर थांबला पाहिजे, गाडी चालायला लागली की मग पूर्ण सोडायचा, आणि थ्रॉटल तोपर्यंत अर्धाच. गाडी चालली की थ्रॉटल पूर्ण. ज्यांचा ट्यूनर गिअरनुसार टॉर्क कमी-जास्त करून देतो त्यांनी पहिल्या गिअरचा टॉर्क कापून घ्या, टायर झेलेल त्याच्या थोडाच वर ठेवा. हा रिमॅपमधला सगळ्यात उपयोगी भाग आहे आणि तो मागणारे फार कमी. क्लचला दोन रनमध्ये थंड व्हायला वेळ द्या, जळका वास आला की पुढचा टाइम मोजण्यात अर्थ नाही.

व्हिडिओ आणि पट्टा बघून काय बदलायचं हे ठरवायची सवय लावा. सुटताक्षणी स्पिन होऊन मग पकडतंय, तर क्लच फार पटकन सुटतोय किंवा आरपीएम जास्त. नीट सुटून पाच-सहा मीटरवर स्पिन, तर टर्बोचा बूस्ट (जादा हवेचा दाब) तिथे येतोय, पहिल्या गिअरचा टॉर्क कापा. दुसरा गिअर पडताना चिरकतंय, तर शिफ्टला क्लच हळू. पट्टा तुटक तुटक, तर हॉप, परत माउंटिंग आणि बुश. पट्टा एकाच बाजूचा, तर आधी दोन्ही टायरची हवा, मग डिफ. इंजिन दबून गाडी ढेपाळतेय आणि पट्टाच नाही, तर ग्रिप शिल्लक आहे, आरपीएम वाढवा, मागच्या वेळी कमी केलेली हवा एक पीएसआय वाढवून बघा.

दिवस संपला की घरी निघायच्या आधी चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासा, ड्राइव्हशाफ्टच्या रबरी बूटमधून ग्रीस बाहेर आलंय का ते हात लावून बघा, माउंटिंगचे बोल्ट आणि पाट्याचे यू-बोल्ट परत आवळा, आणि पुढच्या-मागच्या टायरची हवा रोजच्या प्रेशरला आणा, कारण लोणावळ्यावरून एक्सप्रेसवेने परत येताना पुढे २२ आणि मागे ४० असलेली गाडी ब्रेक मारल्यावर मागून फिरते. मागचे बफरही तिथेच काढून डिकीत टाका.